टॅबमधली मधली ओळ

सात-आठ वर्षांपूर्वी ऊसतोडीच्या पाच गाड्या सांगोल्याच्या पुढे रस्ता चुकून एका कालव्याच्या काठच्या अरुंद पट्टीवर अडकल्या होत्या. आमच्या कडा गावाच्या आसपास ही गोष्ट अजून सांगितली जाते आणि ती सांगताना पुढच्या गाडीच्या ड्रायव्हरचं नाव घेऊन लोक हसतात. तो ड्रायव्हर माझा मित्र. चूक त्याची नव्हती, माझी होती. हे गेल्या महिन्यापर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून लिहितो आहे.

आम्ही दोघे एकाच वर्षी क्लीनर म्हणून ट्रकवर चढलो आणि थोड्या वर्षांच्या अंतराने ड्रायव्हर झालो. तीस-पस्तीस वर्षं आमच्या दोन गाड्या मागेपुढे चालल्या. पुढे माझी, मागे त्याची. दसरा झाला की मुकादम टोळ्या भरायचा. माणसं, भांडीकुंडी, बैलगाड्या आणि बैल ट्रकमध्ये चढायचे आणि आम्ही कारखान्याची वाट धरायचो. निघताना मुकादमाची बायको पुढच्या गाडीच्या चाकापाशी नारळ फोडायची. मागच्या गाड्यांना नुसतं हळदकुंकू. तो नारळ नेहमी माझ्या गाडीला फुटायचा.

कारण मला रस्ते पाठ होते. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, खरंच होते. कुठल्या फाट्यावर पिंपळ आहे, कुठल्या गावात शाळेच्या भिंतीवर हत्ती रंगवलाय, कुठल्या पुलाला एका बाजूचा कठडा नाही, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. मित्राला हे कधी जमलं नाही. गाडी तो माझ्यापेक्षा मऊ चालवायचा. त्याच्या गाडीत बसलेल्या बाईच्या मांडीवरचं पोर जागं व्हायचं नाही. पण रस्त्याच्या बाबतीत कच्चा. प्रत्येक फाट्यावर मी त्याच्यासाठी थांबलो की खिडकीतून मुंडकं काढून ओरडायचा, "बे, डावीकडं का उजवीकडं?" आणि मी मुद्दाम जरा थांबून, बिडी झटकून उत्तर द्यायचो.

मग त्याच्या जावयाने त्याला टॅब दिला. पाटीएवढा, काळा, काचेवर बोट फिरवलं की उजळणारा. जावई पुण्यात कंपनीच्या गाडीवर होता, त्याने सगळं जोडून दिलं. मित्राने तो दर्शनी काचेखाली लावला आणि टॅबमधली बाई बोलायला लागली. पाचशे मीटरवर उजवीकडे वळा. पुढे सरळ जा.

"बायकोचं आयकत न्हाई आन् हिचं आयकतो," मी म्हणालो.

"ही वरडत न्हाई ना," तो म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

त्या दिवसानंतर त्याने मला रस्ता विचारला नाही. एकदाही नाही. हे मला इतकं लागेल असं वाटलं नव्हतं. इतकी वर्षं मी त्याच्या त्या ओरडण्याला वैतागायचो आणि आता फाटा आला की माझा कान त्याच्या खिडकीकडे जायचा. तो शांतपणे इंडिकेटर द्यायचा आणि बरोबर वळायचा.

मी वाट पाहू लागलो की ते यंत्र बिघडेल. आणि ते बिघडायचंही. सुरुवातीला नकाशावरचा गाडीचा ठिपका भलतीकडेच दिसायचा. गाडी रस्त्यावर आणि ठिपका कुणाच्या तरी ज्वारीत. मला बरं वाटायचं. पण मित्र वैतागायचा नाही, शोधत बसायचा. जावयाला फोन करून विचारायचा आणि एकेक करून पाहायचा. त्याने टॅब देवाच्या फोटोंच्या पत्र्याच्या कप्प्याखाली लावला होता. तो तिथून काढून काचेच्या मधोमध आणला, जिथून आभाळ सरळ दिसतं. ठिपका रस्त्यावर आला. काचेच्या वरच्या भागावर चमकता कागद चिकटवलेला होता, उन्हासाठी. तोही खरवडून काढला. गाडी भकास दिसायला लागली, पण ठिपका इकडेतिकडे हलायचा थांबला.

मग गाडीचं तोंड कुठे आहे ते दाखवणारा बाण उलटा व्हायला लागला. गाडी उभी असली की बाण मागे तोंड करायचा, चालू लागली की हळूहळू सरळ व्हायचा. चौकात उभं राहून कुठे वळायचं ते कळेना. जावयाने सांगितलं, टॅब ज्या चकतीला चिकटवलाय तिच्यात लोहचुंबक आहे, ते काढा, आणि मग टॅब हातात घेऊन हवेत इंग्रजी आठासारखा फिरवा, म्हणजे त्याला दिशा कळेल. मित्राने कड्याच्या स्टँडसमोर भर बाजारात टॅब हातात घेऊन हवेत आठ काढायला सुरुवात केली.

"आरं, आरती करतोय का त्याची?" चहावाला ओरडला.

"परसाद वाटा मामा!" दुसरा कुणीतरी.

मी सगळ्यात मोठ्याने हसलो. मित्र मात्र जीभ दातांत धरून मन लावून आठ काढत राहिला आणि थांबून म्हणाला, "झालं बघ. सरळ झाला." खरंच झाला होता. बघणाऱ्यांतले दोघे-तिघे आपापले फोन काढून त्याला म्हणाले, आमचंही बघ ना, आमचाही बाण असाच फिरतो. त्याने तिथे उभ्या उभ्या त्यांना आठ काढायला शिकवलं. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. मी चहाचे पैसे देऊन गाडीत जाऊन बसलो.

त्या वर्षी मुकादमाने नवा कारखाना घेतला होता, कर्नाटकाच्या सीमेजवळ. तिकडचे आतले रस्ते मलाही माहीत नव्हते. आठवडाभर आधी मुकादम माझ्याकडे आला, चहा प्याला आणि कप खाली ठेवत म्हणाला, "औंदा म्होरची गाडी त्याची राहू द्या मामा. तुमी मागं ऱ्हावा. टॅब हाय ना त्याच्याकडं."

"राहू द्या की," मी म्हणालो. "कावून नको?"

दुसऱ्या दिवशी मी आष्टीला गेलो. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून गावात न विचारता आष्टीच्या एका मोबाइलच्या दुकानात. तिथल्या माणसाला म्हणालो, माझ्या टॅबवर रस्ता चुकीचा येतो, कारणं काय काय असतात? तो भला माणूस होता. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून सावकाश सांगत बसला. आभाळ झाकलेलं असलं तर. पत्रा आड आला तर. चुंबक असलं तर. नकाशा जुना असला तर. हे सगळं मित्राने दुरुस्त करून झालं होतं. मग त्याने स्वतःचा टॅब काढून सेटिंगमध्ये लोकेशन दाखवलं. तिथे तीन ओळी होत्या. वरची ओळ निवडली की टॅब आभाळातल्या उपग्रहांचं आणि मोबाइल टॉवरचं असं दोन्हीचं ऐकतो, ठिपका अचूक येतो. मधली ओळ बॅटरी वाचवायची. ती निवडली की तो उपग्रहांकडे बघतच नाही, नुसता टॉवरवर अंदाज करतो.

"शहरात चालून जातं," तो म्हणाला. "पण आपल्याकडं टॉवर कुठं हाय? माणूस एका गावात आन् ठिपका दुसऱ्या गावात. तुमची मधली ओळ लागली असंल काका. पण घाबरू नका, यंत्र सोता विचारतं मधे मधे, वरची लावू का म्हणून. उजवीकडचं दाबलं की झालं."

मी त्याचे आभार मानले. तो बिचारा रोगावरचं औषध सांगत होता आणि मी रोग शिकून घेत होतो.

निघायच्या दिवशी सकाळी गाड्या भरल्या होत्या. बैल चढले होते, बायका वर बोचक्यांवर बसल्या होत्या. मित्र कासरे आवळून खाली उतरला, हात मातीने माखलेले. त्याने टॅब काढून माझ्या हातात दिला. "जरा धर बे. हातपाय धुऊन येतो. नारळ फोडायचाय."

तो हौदाकडे गेला. मी सेटिंग उघडलं आणि मधल्या ओळीवर बोट ठेवलं. किती वेळ लागला असेल? हौदावर त्याने तोंडावर पाणी मारलं तेवढा. मी मनाशी म्हणत होतो, बॅटरी वाचेल. लांबचा पल्ला आहे, बॅटरी वाचली तर त्याच्याच कामाला येईल. माणूस स्वतःशी किती मुकाट्याने खोटं बोलू शकतो ते मी त्या सकाळी पाहिलं. त्याने टॉवेलला हात पुसून टॅब घेतला आणि मुकादमाच्या बायकोने त्याच्या चाकापाशी नारळ फोडला. पाणी उडालं. तो लाजल्यासारखा हसत माझ्याकडे पाहत होता. मला ते हसू बघवेना.

सांगोल्यापर्यंत ओळखीचा रस्ता होता, काही झालं नाही. दुपारी आम्ही एका धाब्यावर थांबलो. मी त्याच्या केबिनशी जाऊन उभा राहिलो. तो टॅबकडे बघत कपाळ पुसत होता. ठिपक्याभोवती फिकट निळा गोल आला होता, गाव मावेल एवढा. "सकाळधरनं असंच करतंय," तो म्हणाला. "बाई मधीच गप होती, मधीच पार लांबचं सांगती."

तेवढ्यात काचेवर एक चौकट आली. इंग्रजीत काहीतरी, खाली दोन शब्द, एक डावीकडे, एक उजवीकडे. यंत्र विचारत होतं, वरची ओळ लावू का. मला दुकानदाराने सांगितलं होतंच. पण मित्राला जावयाने सांगितलं होतं की इंग्रजीत काही विचारलं की जाहिरात असते, डोळे झाकून डावीकडचं दाबायचं. त्याचं बोट डावीकडे गेलं.

मी बघत होतो. "उजवीकडचं दाब" एवढे दोन शब्द बोलायचे होते. आयुष्यभर मी त्याला डावं-उजवं सांगत आलो होतो आणि त्या एका वेळेला गप्प बसलो.

"जाहिरात," तो मला समजावून सांगितल्यासारखं म्हणाला. चौकट गेली.

पुढे तासाभराने टॅबला वाटलं की आम्ही शेजारच्या मोठ्या रस्त्यावर आहोत. बाई म्हणाली उजवीकडे वळा आणि मित्र उजवीकडे वळला. त्याच्यामागे आम्ही चौघे. मला मागून दिसलं की हा रस्ता कारखान्याचा असूच शकत नाही, रस्ता अरुंद होत चाललाय, एका बाजूला कालव्याचं पाणी आहे. मी हॉर्न दिला नाही. म्हटलं, अजून थोडा जाऊ दे. सगळ्यांना कळू दे.

पट्टी इतकी अरुंद झाली की गाडी वळेना. पाच गाड्या एकामागे एक उलट्या काढायला लागल्या. बायका उतरून काठाने चालल्या होत्या. तिसऱ्या गाडीचं मागचं चाक काठावरून घसरलं. गाडी उलटली नाही, पण कलली आणि आतला एक बैल गाडीच्या कठड्यावरून खाली कोसळला. त्याचा पुढचा पाय मोडला. चकलांब्याच्या एका नवरा-बायकोची ती जोडी होती. ती बाई बैलाच्या डोक्याशी बसली. रडत नव्हती, नुसती त्याच्या कपाळावरची माती पुसत होती. तिचा नवरा माझ्या मित्रापुढे उभा राहिला आणि सगळ्यांदेखत त्याला नको नको ते बोलला. "डबडं बघून गाडी चालवतो व्हय रं? डोळं फुटलं व्हतं का तुजं? माजा बैल मारला भाड्या!"

मित्र मान खाली घालून उभा होता. त्याने एकच वाक्य म्हटलं, "चुकलं माझं."

मुकादमाने तिथेच मला पुढे यायला सांगितलं. मी लोकांना विचारत विचारत उरलेला रस्ता काढला आणि टोळी पोहोचवली. त्या रात्री कारखान्यावर जेवताना कुणीतरी म्हणालं, जुनं ते सोनं. मला भूक चांगली लागली होती, हे आठवतं आणि लाज वाटते.

पुढच्या दसऱ्याला मित्राने ट्रक विकला. टॅब घेऊन माझ्या घरी आला. "तू ठिव. माज्या डोक्याच्या बाहेरचं हाय हे. यंत्र चांगलं हाय, माणूस चांगला न्हवता." मी घेतला. घेतला, आणि त्याच दिवशी वरची ओळ लावली. पुढची तीन वर्षं मी त्याच टॅबवर टोळी नेली. एक फाटा चुकला नाही. लोक म्हणायचे, यंत्रसुद्धा ह्यांचंच ऐकतं. माझे गुडघे गेले तेव्हा मी गाडी सोडली.

मित्राने एक छोटा टेम्पो घेतला होता. चार गावांत कडबा आणि पेंडीची पोती वाहायचा. त्याच्या पलीकडे जायचा नाही. मला वाटायचं, वय झालं. गेल्या महिन्यात तो माझ्याकडे आला. बायकोचे डोळे दाखवायला नगरला न्यायचं होतं.

"तू चल संगं," तो म्हणाला.

"मी कशाला? कड्यावरनं नगर सरळ तर हाय. पन्नास किलोमीटर. आंधळा बी जाईल."

"मला भरवसा न्हाई माजा," तो म्हणाला. "कुटं वळलो आन् काय झालं तर? ती म्हातारी माणूस मागं बसलेली."

पस्तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस नगरला जायला घाबरत होता. मी त्याच्याबरोबर गेलो. वाटेत प्रत्येक फाट्याला तो माझ्याकडे बघायचा. इतकी वर्षं मला हवं होतं ते मला परत मिळालं होतं आणि मी खिडकीबाहेर बघत नुसतं 'सरळ' म्हणायचो.

दोन दिवसांनी मी कपाटातला टॅब काढला, चार्जिंगला लावला आणि त्याच्या घरी घेऊन गेलो. तो अंगणात पोती झटकत होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. आष्टीचं दुकान, हौद, धाबा, न दिलेला हॉर्न. त्याने मधे एकदाही तोडलं नाही. संपल्यावर हात पुढे केला.

"कुठली ओळ?"

मी दाखवली. त्याने मधली ओळ लावली. नकाशावर निळा गोल फुगला. त्याने वरची लावली. गोल आक्रसत आक्रसत त्याच्या अंगणावर ठिपका होऊन बसला. त्याने पुन्हा मधली लावली. पुन्हा वरची. चार-पाच वेळा.

"म्हंजी मी बरुबर चाललो व्हतो?"

"व्हय."

"बाईनं सांगितलं तसंच वळलो व्हतो मी."

"व्हय."

त्याने टॅब बंद केला. मग म्हणाला, "तुला नारळच पायजे व्हता तर मागायचा बे. मी दिला असता." आणि पोतं उचलून आत गेला.

मला वाटलं संपलं. पण तिसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो माझ्या दारात. "बस. चकलांब्याला जायचंय." टॅब काचेच्या मधोमध लावलेला होता.

त्या बैलवाल्याची वस्ती गावापासून आत, शेतात होती. आम्ही दोघेही तिथे कधी गेलेलो नव्हतो. मुकादमाकडून त्याने जागा टॅबवर मागवून घेतली होती. शिरूरच्या अलीकडे एका फाट्यावर मी सवयीने म्हणालो, "इथनं डावीकडनं जवळ पडंल."

"गप बस," तो म्हणाला. "तिला बोलू दे."

बाई सरळ म्हणाली, तो सरळ गेला. पुढे कच्चा रस्ता, ओढा, दोन वळणं, आणि बाई म्हणाली आपण पोहोचलात. समोर पत्र्याचं घर, दारात लिंब, त्याखाली दोन शेळ्या. एकदाही चुकला नव्हता. खरं लिहायला बसलोय म्हणून हेही लिहितो. ज्या माणसाची मी इतकी वर्षं माती केली होती, तो नीट पोहोचला याचा मला त्या घडीलासुद्धा आनंद झाला नाही.

"उतर," तो म्हणाला. स्वतः उतरला नाही. "माज्यासमोर बोलू नको. त्याला सांग जा."

बैलवाला आता थकला होता. मला त्याने ओळखलं. मी लिंबाखाली उभा राहून सांगितलं. मला अपेक्षा होती की तो मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो ऐकत राहिला, मग मला ओलांडून टेम्पोपाशी गेला आणि मित्राच्या खिडकीत हात घालून त्याचा दंड धरला.

"उतरा पाव्हणं. मी लई वंगाळ बोललो व्हतो तुमाला."

"बैल गेला व्हता तुमचा," मित्र म्हणाला. "बोलणारच माणूस."

त्याने त्याला हाताला धरून आत नेलं. मी लिंबाखालीच होतो. उघड्या दारातून दिसत होतं, मित्राला बाजेवर बसवलं, खाली सतरंजी टाकली. कालव्यावर बैलाच्या डोक्याशी बसली होती, ती बाई चहा घेऊन आली आणि पहिला कप त्याच्या हातात दिला. तो बशीत चहा ओतत काहीतरी सांगत होता आणि ती दोघं ऐकत होती. बहुतेक टॅबबद्दलच सांगत असावा, कारण त्याचं बोट हवेत फिरत होतं.

थोड्या वेळाने ती बाई दारात आली. "तुमी बी या. उनात कावून हुबं?"

मी आत जाऊन भिंतीशी बसलो. मला दुसरा कप मिळाला. चहा गरम होता, त्यात आलं होतं. मित्राने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याला त्या घरात पहिला कप मिळाला, मला नाही, त्याचं मला वाईट वाटत होतं. मी तो चहा प्यालो.